धारावीत नव्याने रुजू होणाऱ्या बाईंसाठी

पहिल्या आठवड्यात धडे संपवायची घाई करू नकोस. आधी प्रत्येकाला घरी नाव कसं उच्चारतात ते विचार आणि तुझ्या वहीत तसंच टिपून ठेव. नाव चुकलं की पोर दुरुस्त करत नाही, नुसतं गप्प बसतं.

मुंबई महापालिका ८ माध्यमांच्या शाळा चालवते, तरी मराठी वर्गातही घरी तमिळ, भोजपुरी बोलणारी मुलं असतातच. गणित सोडवताना गटात त्यांना आपापल्या भाषेत बोलू दे, उत्तर मग मराठीत मांडतील. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवण्यावर भर आहे.

मातीचा धडा आला की कुंभारवाड्यातल्या मुलाला पुढे बोलव. माती किती मळायची, भट्टी कशी रचायची, पणती का तडकते, हे त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं. त्याला प्रश्न विचारायला मागच्या बाकांवरचेही हात वर होतात, बघशील तू!

मात्र भर वर्गात ‘वडील काय करतात?’ असं विचारणं मला मुळीच पटत नाही. मूल आपणहून सांगेल तेवढंच घे. आणि पालकसभा संध्याकाळी ठेवता येईल का, हे मुख्याध्यापकांना जरूर विचार. घरकामाला जाणाऱ्या आयांना दुपारी सुट्टी मिळत नाही.