फ्लास्कमध्ये कोण आहे, ते आधी पाहा

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. जुन्या व्हायलमधल्या, म्हणजे गोठवलेल्या पेशींच्या कुपीतल्या, स्तनकर्करोगाच्या पेशी जेमसायटाबिन या कर्करोगावरील औषधाला दाद देत होत्या, नवी व्हायल उघडल्यापासून देत नाहीत. फेलोशिप संपत आली आहे आणि आधीच्या आकड्यांवरच पेपर पाठवून द्यावा की थांबावे, हे तुला कळेनासे झाले आहे. कोणती सांख्यिकी चाचणी लावावी यावर तू पानभर लिहिलेस. पण त्या दोन व्हायलींमध्ये मुळात कोणत्या पेशी आहेत, हा प्रश्न साऱ्या पत्रात एकदाही आला नाही. मला काळजी वाटली ती त्याची.

दुसऱ्या प्रयोगशाळेतून मागून आणलेल्या व्हायलवर मार्करने लिहिलेले नाव हा पुरावा नव्हे. एमडीए-एमबी-435 या सेल लाइनवर, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या पेशींच्या वाणावर, स्तनकर्करोगाचे म्हणून कितीतरी काम छापले गेले. 2000 साली जनुकांच्या अभिव्यक्तीची तुलना झाली, तेव्हा ती मेलानोमाच्या, म्हणजे त्वचेच्या एका कर्करोगाच्या, पेशींच्या पंगतीत जाऊन बसली, आणि पुढे ती एम-14 या मेलानोमाच्या सेल लाइनशी एकरूप असल्याचे ठरले. ही धोक्याची घंटाही नवी नव्हती. वेगवेगळ्या अवयवांच्या म्हणून वापरात असलेल्या अनेक सेल लाइन प्रत्यक्षात हेला, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून आलेल्या पेशीच आहेत, हे शास्त्रज्ञ स्टॅनली गार्टलर यांनी 1966 सालीच दाखवले होते. ऐकणारे थोडे निघाले, कारण ऐकले असते तर स्वतःचे छापील काम मागे घ्यावे लागले असते.

पी-53 चा इतिहास तुला पाठ असेल, तरी पुन्हा सांगतो. 1979 साली सापडलेले हे प्रथिन जवळजवळ दहा वर्षे कर्करोगाला चालना देणारे मानले गेले, कारण प्रयोगांत वापरलेले क्लोन, म्हणजे त्याच्या जनुकाच्या प्रती, उत्परिवर्तित होते. त्याचे मूळ, निरोगी जनुक कर्करोगाला आवर घालते हे 1989 मध्ये स्पष्ट झाले. त्या प्रयोगशाळांमधली माणसे निष्काळजी नव्हती, नलिकेत काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हते, एवढेच. म्हणून म्हणतो, फ्लास्कमध्ये कोण आहे ते आधी पाहा.

आणि सोबत कोण आहे, तेही पाहा. मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूमुळे मीडियम, म्हणजे पेशी वाढवण्याचा पोषकद्रव, गढूळ होत नाही, आणि त्याला पेशीभित्तिका नसल्याने पेनिसिलिनही त्याचे काही बिघडवत नाही. पेशींना डीएनएला चिकटणारा होक्स्ट रंग देऊन फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शकाखाली धर: केंद्रकाबाहेर, जिथे काळोख असायला हवा तिथे, बारीक निळे ठिपके विखुरलेले दिसले, तर तुझे उत्तर तिथेच आहे, कारण काही मायकोप्लाझ्मा जेमसायटाबिन निष्क्रिय करून टाकतात. हे तपासायला दोन दिवस पुरतात. तू त्याआधी पानभर सांख्यिकी लिहिलीस, याचा मला रागच आला.

पेपरांची संख्या मोजली जाते, हे मला तू सांगायला नको. माझ्या पदोन्नतीच्या मुलाखतीत संख्याच विचारली गेली. पेशींची ओळख पटवली होती का, हे कोणी विचारले नाही, आणि माझ्यामागून आलेले माझ्यापुढे गेले. त्याचे दुःख झाले, अजूनही होते. तरीही माझे थोडके पेपर मला पुरेसे वाटतात, कारण त्यांत ज्या पेशीचे नाव आहे, तीच पेशी फ्लास्कमध्ये होती. ॲम्जेन कंपनीतील शास्त्रज्ञांनी कर्करोगावरचे 53 गाजलेले अभ्यास पडताळून पाहिले आणि त्यांतील फक्त 6 टिकले, असे 2012 मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा माझा हट्ट अनाठायी नव्हता याची मला खात्री पटली.

कर्करोग-संशोधक कमल रणदिवे बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे, म्हणजे हेला पेशी जिथे प्रथम वाढवल्या गेल्या त्याच प्रयोगशाळेत, ऊतिसंवर्धन, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याचे तंत्र, शिकून आल्या आणि मुंबईत त्यांनी त्याची प्रयोगशाळा उभी केली. हे तंत्र आपल्याकडे अशा हातांनी आले आहे. ते तुझ्या टेबलावर ढिले पडू नये, असे मला मनापासून वाटते.

तेव्हा सोमवारी दोन्ही व्हायलींमधल्या पेशींचा डीएनए काढ आणि एसटीआर प्रोफाइलिंगला, म्हणजे डीएनएवरून पेशींची ओळख पटवणाऱ्या चाचणीला, पाठव. त्याच दिवशी मायकोप्लाझ्माची तपासणी लाव. गाइड घाई करू लागले, तर हे पत्र त्यांना दाखव. अहवाल हाती येईपर्यंत पेपरचा मसुदा कोणाकडेही पाठवू नकोस, आणि जुनी व्हायल संपवू नकोस. तिच्यातल्या थोड्या पेशी आजच गोठवून ठेव.

तुझा,
एक जुना संशोधक