घड्याळ घेण्याआधी: प्रौढ मुलाचा बसप्रवास, पैसे आणि बोलणे

ताई, बौद्धिक अक्षमता असलेल्या आपल्या २२ वर्षांच्या मुलाने कार्यशाळेत बसने एकट्याने जावे, यासाठी जीपीएस घड्याळ घ्यावे का, आणि त्याचे उच्चार अस्पष्ट असताना त्याने पैशांचे व्यवहार कसे करावेत, असे आपण विचारले आहे. विशेष शिक्षिका म्हणून प्रौढ मुलांबरोबर काम करताना मी कोणतेही साधन घेण्याआधी एकच गोष्ट तपासते: या साधनामुळे आज आपण त्याच्यासाठी करतो ते कोणते काम उद्या तो स्वतः करू लागेल? घड्याळ या कसोटीला उतरत नाही. तो कुठे आहे हे त्यामुळे आपल्याला कळेल, पण कोणत्या थांब्यावर उतरायचे हे त्याला कळणार नाही. आपल्या मनःशांतीसाठी घ्यायचे असेल तर जरूर घ्या, मात्र त्याला सांगून आणि त्याची संमती घेऊन, कारण तो सज्ञान आहे.

बसप्रवासाचे आधी तुकडे पाडा आणि सोबत जाऊन तो नेमका कुठे अडतो ते पाहा. बहुतेक मुले बस ओळखण्यात आणि उतरण्यात अडतात. पाटीवरचा क्रमांक कधी मराठी आकड्यांत असतो, कधी इंग्रजी, म्हणून दोन्हींचे छायाचित्र त्याच्या फोनमध्ये हवे. उतरण्याच्या थांब्याचे नाव पाठ करून घेण्यापेक्षा, खिडकीतून त्याला जे दिसते तेच फोनवर चित्रफितीत टिपावे: आधी पूल, मग पेट्रोल पंप, पंप दिसला की उठून दारापाशी जायचे. ही चित्रफीत तो ज्या बाजूला बसतो त्याच बाजूने आणि त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून घ्यावी. त्यातल्या सूचना शक्यतो त्याच्या वयाच्या भावंडाच्या किंवा मित्राच्या आवाजात असाव्यात. बाविसाव्या वर्षी भर बसमध्ये आईचा आवाज ऐकू येणे कोणत्याही मुलाला नकोसे वाटते.

फोनचा पडदा साधा ठेवा. आयफोन असेल तर २०२३ च्या आयओएस १७ पासून ‘असिस्टिव्ह ॲक्सेस’ची सोय आहे, तिच्यात निवडक ॲप मोठ्या चिन्हांसह दिसतात. अँड्रॉइडमध्ये एकच ॲप पडद्यावर रोखून धरता येते, पण चित्रफीत पाहता पाहता फोनही करायचा असेल तर ते अडचणीचे ठरते. त्यापेक्षा पहिल्या पडद्यावर चार चिन्हे ठेवून बाकीची काढून टाकणे बरे.

बोलण्यासाठी आयआयटी मुंबईत विकसित झालेले, चित्र दाबले की त्याच्या वतीने बोलणारे ‘जेलो’ हे ॲप मोफत आहे आणि मराठीत चालते. चेन्नईचे ‘आवाज’ही चांगले आहे. जेलोमध्ये एखादे चित्र निवडल्यावर ‘आवडते’ किंवा ‘नावडते’, ‘हवे’ किंवा ‘नको’ हे वेगळ्या कळांनी सांगता येते. घरचे लोक ‘हवे’ची कळ उत्साहाने शिकवतात आणि ‘नको’ची कळ दाबली की ऐकू न आल्यासारखे करतात, हे मी वारंवार पाहिले आहे. जेवताना त्याने ‘नको’ दाबले तर भाजी वाढू नका. नकार मानला जातो हे त्याला घरात पटले, तरच बसमध्ये किंवा रस्त्यात कोणी अनोळखी माणसाने सोबत चलण्याचा आग्रह केल्यास तो ती कळ दाबेल.

पैशांसाठी २०२४ च्या ऑगस्टमध्ये आलेले ‘यूपीआय सर्कल’ या मुलांना फार उपयोगी आहे, आणि त्याची माहिती फारच थोड्या पालकांना आहे याचे मला नवल वाटते. त्यात आपल्या खात्यातून पैसे देण्याची मुभा आपण दुसऱ्या व्यक्तीला देता. एका प्रकारात प्रत्येक व्यवहाराला आपली मंजुरी लागते. दुसऱ्यात आपण मासिक मर्यादा ठरवता (कमाल १५,००० रुपये, एका वेळी कमाल ५,०००) आणि त्या मर्यादेत तो स्वतः पैसे देतो. सरावाचे दिवस पहिल्या प्रकाराने काढावेत, नंतर अगदी लहान मर्यादा ठेवून दुसऱ्याकडे जावे. पहिल्याच प्रकारावर थांबलात तर दर चहाला त्याला आईची परवानगी लागेल. अंक वाचणे जमत नसेल तर दुकानातल्या साउंडबॉक्सचा उपयोग करून घ्या: दुकानदाराने तोंडी सांगितलेली रक्कम आणि डब्याने उच्चारलेली रक्कम एकच होती का, हे कानांनी ताडणे अनेक मुलांना जमते. चूक झाल्यावर ती लक्षात येते हे खरे, पण रक्कम लहान असल्यामुळे त्यात फार नुकसान नाही.

नातेवाईक ‘त्याच्या हातात पैसे कशाला’ असे म्हणतील, तेव्हा २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचे कलम १३ दाखवा. आपले आर्थिक व्यवहार सांभाळण्याचा इतरांच्या बरोबरीचा हक्क त्यात मान्य केलेला आहे. याच कायद्याचे कलम १४ मर्यादित पालकत्वाविषयी, म्हणजे ठरावीक निर्णयांपुरता पालक नेमण्याविषयी, आहे आणि त्यात व्यक्तीशी विचारविनिमय करून संयुक्तपणे निर्णय घेणे अपेक्षित आहे.

प्रत्येक आधार कधी काढायचा हेही सुरुवातीलाच ठरवा. पंप दिसताच चित्रफीत न पाहता तो उठू लागला, की तो भाग काढून टाका. आणि एकट्याने पाठवण्यापूर्वी एक दिवस मुद्दाम फोन बंद करून प्रवास करा: खिशात थांब्याचे नाव, पंपाचे छायाचित्र आणि आपला क्रमांक असलेले जाड कागदाचे कार्ड द्या, आपण मागच्या आसनावर बसा, आणि ते कार्ड काढून वाहकाला दाखवण्याचे त्याला स्वतःहून सुचते का ते पाहा. सुचले नाही तर आधी या कार्डाचाच सराव घ्या. घड्याळाची खरेदी तोवर थांबू शकते.