ग्रॅनाइटच्या कडेला लेदर फिनिश काहून येत नाही?

प्रश्न: नमस्कार भाऊ, हिंगणा रोडला माझं ग्रॅनाइट कटिंगचं छोटं वर्कशॉप आहे, दोन कारागीर अन् मी. मागच्या वर्षी सेकंडहँड एज पॉलिशिंग मशीन घेतली, सहा स्पिंडलवाली (स्पिंडल म्हणजे व्हील नाहीतर ब्रश फिरवणारा दांडा), हवेच्या प्रेशरवर चालते. आजकाल किचन ओट्याला लोकं लेदर फिनिशच, म्हणजे हाताला चामड्यासारखं लागणारं फिनिशच मागून राहिले. स्लॅब फॅक्टरीतूनच लेदर होऊन येते पण कापली की कड कोरी निघते, ती वरच्या भागासारखी व्हावी म्हणून मी सगळे व्हील काढले अन् सहाही स्पिंडलला अ‍ॅब्रेसिव्ह ब्रश लावले, 46 नंबरपासून 400 पर्यंत (नंबर लहान तेवढा कण जाडा). जेट ब्लॅक या काळ्या ग्रॅनाइटवर ब्लेडच्या रेषा तशाच राहिल्या, उलट चमकायला लागल्या, कोपरे गोल झाले, अन् थोड्याच ओट्यांत ब्रशचे दोरे वाकून टोकं चिकटल्यासारखी झाली. प्रेशर वाढवलं तर अजूनच बिघडलं. ब्रशच खराब लागले का?
– एक वाचक, हिंगणा रोड

उत्तर: भाऊ, ब्रशला दोष देऊ नका, तुम्ही त्याला त्याचं नसलेलं काम दिलं. व्हील कडक असतं, ते उंच भाग कापून सपाट करतं. ब्रश म्हणजे नायलॉनचे दोरे, त्यांच्या आत सिलिकॉन कार्बाइडचे नाहीतर डायमंडचे कण मिसळलेले, दोरा झिजला की आतला नवा कण बाहेर येतो. हा दोरा दगडाच्या मागं मागं जातो, खड्ड्यातही उतरतो अन् उंचवट्यावरही चढतो, दगडातला नरम भाग जास्त खातो अन् कडक भाग वर राहतो, त्यातूनच हाताला ते चामड्यासारखं लागते. पण ब्लेडची रेष हीसुद्धा त्याच्यासाठी खड्डाच आहे ना, तो तिच्यात उतरून तिलाही घासून चमकवतो!

म्हणून पहिल्या दोन स्पिंडलवर डायमंड व्हील परत लावा अन् साधारण 120 नंबरपर्यंत कड मॅट, म्हणजे बिनचमकीची सपाट, करून घ्या. पाणी पुसून, वाळू देऊन, ट्यूबलाइटसमोर तिरपं पाहा, ओल्या दगडावर रेषा दिसतच नाहीत अन् इथंच बहुतेक जण फसतात. एकही रेष दिसली तर ब्रशकडे जाऊ नका. पण फार बारीकही जाऊ नका, 800 ची गुळगुळीत कड झाली की ब्रशला पकड मिळत नाही. मग उरलेल्या चार स्पिंडलवर ब्रश, पहिला जाडा 46 चा डायमंडचा असेल तर उत्तम कारण दाणा उघडायचं खरं काम तोच करतो, पुढं 80, 120, 240. जेट ब्लॅकचा दाणा बारीक अन् एकसारखा, त्यामुळं टेक्सचर हळू येते, जाड्या ब्रशच्या दोन-तीन फेऱ्या जास्त द्या अन् फीड, म्हणजे स्लॅब पुढं सरकायचा वेग, कमी ठेवा. मोठ्या दाण्याच्या लाल ग्रॅनाइटला एवढा वेळ लागत नाही.

आता प्रेशर. तुमच्या मशीनचं हवेचं सेटिंग व्हीलसाठी असेल, ब्रशला ते फार होते. काम दोऱ्याचं टोक करते, दाबला की दोरा आडवा पडतो, मग टोकाऐवजी कूस घासते, नायलॉन गरम होते अन् दोरे एकमेकांना चिकटतात, तुमच्याकडं नेमकं हेच झालं. मी तर दोन-तीन मिलिमीटरच दाबतो, त्याच्यावर नाही. ब्रश झिजला की पोझिशन परत सेट करा. मशीन उलटीही फिरवता येत असेल तर अधूनमधून दिशा बदला, म्हणजे दोऱ्याला एकाच बाजूचा बाक बसत नाही. पाणी भरपूर पाहिजे, मे महिन्यात टाकीतलंच पाणी तापलेलं असते तेव्हा टाकी सावलीत घ्या, अन् सेटलिंग टँकमधला (वापरलेलं पाणी निवळायच्या टाकीतला) गाळ काढत जा, नाहीतर जाडा कण बारीक ब्रशमध्ये अडकून परत ओरखडे पाडतो.

कोपऱ्यांचं सोपं आहे. स्लॅब संपते तिथं दोरे मोकळे होऊन खाली घसरतात अन् कोपरा खातात. पुढं-मागं त्याच जाडीचा भंगार तुकडा चिकटवून चालवा, जे गोल व्हायचं ते त्या तुकड्याचं होईल. सीलर (दगडात पाणी-डाग मुरू नये म्हणून लावायचं द्रव) मात्र कड पूर्ण वाळल्यावरच.

प्रश्न: माझे वडील दगडाच्या दुकानात हातग्राइंडरला ब्रश लावून कोरडंच काम करतात, तोंडाला रुमाल बांधतात. मालक म्हणतो पाण्यानं रंग समजत नाही. चालते का हे?
– एक वाचक, कामठी

उत्तर: नाही ताई, अजिबात नाही. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ असते, त्याची बारीक धूळ छातीत बसली की सिलिकोसिस होतो, हा आजार बरा होत नाही अन् कायद्यानं कारखान्यांसाठी नोंदवायच्या आजारांत आहे. जी धूळ मारते ती डोळ्याला दिसतही नाही, रुमालातून सरळ आत जाते. साधा चार इंची ग्राइंडर दहा-अकरा हजार आरपीएमचा, ब्रशसाठी तो तसाही चुकीचाच, दोरे तुटून उडतात. स्पीड कमी-जास्त होणारी पाण्याची पॉलिशर पाहिजे, अन् पाण्यासोबतही किमान एन-95 मास्क. रंग पाहायचा तर मशीन थांबवून पुसून पाहायचा, त्याला दोन मिनिटं लागतात. बाबांना खोकला असो नसो, या आठवड्यात मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नेऊन छातीचा एक्स-रे काढा अन् दगडाचं काम किती वर्षं केलं ते डॉक्टरांना आपण होऊन सांगा, ते विचारतीलच असं धरू नका.