३१ इंची टायरवरच्या जिप्सीचा मागचा एक्सल दोनदा तुटला. ईएन२४ पोलादाचा मजबूत बनवून घेऊ की लॉकर (दोन्ही चाकं एकत्र बांधणारी यंत्रणा) टाकू?

दोन्ही नको. आधी ट्रान्सफर केसचे, म्हणजे गिअरबॉक्सचा जोर पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणाऱ्या डब्याचे, गिअर बदला.

एवढंच लिहून थांबणार होतो. पण तुम्ही शेवटी लिहिलंय, 'जिप्सीचे एक्सल मुळात कच्चेच असतात असं सगळे म्हणतात.' हे सगळे कोण ते मला चांगलं ठाऊक आहे. त्यातले एक आमच्या घरातच आहेत. थोरल्या बहिणीचे मालक, आमचे दाजी. महिंद्राच्या डिझेल जीपवर हात बसलेला माणूस. जिप्सी म्हणजे कॉलेजच्या पोरांनी गाणी लावून फिरवायची गाडी, हे त्यांचं पहिल्यापासूनचं मत.

माझी एमपीएफआय (फ्युएल इंजेक्शनवाली) जिप्सी, तुमच्यासारखीच. मध्यंतरी माझी बदली झाली आणि गाडी वर्षभर कोल्हापुरात दाजींकडे राहिली. मी परत आलो तर खाली ३१ इंची टायर. 'बारीक चाकं बघवत नव्हती,' असं त्यांचं म्हणणं. पाटे उचलले होते, चाकाच्या कमानी कापल्या होत्या, आणि गिअरला कुणी हात लावला नव्हता. वर्षभर ती गाडी अडकलेल्या ट्रॉल्या ओढत होती हे मला नंतर शेजाऱ्यांकडून कळलं.

त्याच पावसाळ्यात गगनबावड्याच्या अलीकडे एका मित्राच्या शेतावर गेलो. खालून पाणंद जाते, ती संपली की जांभ्या दगडाचा चढ आणि मधोमध पाण्याने कापलेला ओघळ. तिथला पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको, दगडावर हिरवं शेवाळ आणि वरून धार सुरूच. माझं म्हणणं होतं की खाली उतरून चार दगड लावू, उजवं चाक त्यावर घेऊ आणि ट्रान्सफर केस लोमध्ये आणि गिअर पहिल्यात टाकून नुसत्या क्लचवर काढू. दाजी स्टिअरिंगवर होते. म्हणाले, "दगडं काय लावतोयस, देवळाची पायरी बांधायचीय व्हय? दम दिला की चढतीया."

गाडी तिरकी फसली. पुढचं उजवं आणि मागचं डावं चाक हवेत. तुम्ही ऑफरोड करता म्हणजे हे चित्र तुम्हाला माहीत आहे. दोन्ही डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकाला जोर वाटणारे गिअर) ओपन, म्हणजे लॉक नसलेले, त्यामुळे फोर बाय फोर असूनही हवेतली दोन चाकं फिरणार आणि जमिनीवरची दोन बघत बसणार. त्यातही डिफरन्शियलच्या गणितामुळे हवेतलं चाक प्रॉपेलरच्या (ट्रान्सफर केसपासून डिफरन्शियलपर्यंतच्या दांड्याच्या) हिशेबाने दुप्पट वेगाने फिरतं. मी बाहेरून ओरडतोय, "दाजी, पाय काढा, पाय काढा!" आणि दाजी रेस वाढवतायत. गाडी पाट्यांवर उड्या मारायला लागली. एका उडीत ते मागचं डावं चाक त्याच वेगात खाली आलं आणि दगडावर बसलं.

आवाज फार मोठा होत नाही. पोटातून एकदाच 'टक्' आलं आणि मागची ओढ संपली.

मागचा शाफ्ट (एक्सलमधला चाक फिरवणारा दांडा) गेला तरी जिप्सी घरी येते, कारण ट्रान्सफर केस पुढच्या-मागच्या प्रॉपेलरला एकत्र बांधून ठेवतो. फोर बाय फोरमध्ये टाकली की पुढची चाकं ओढतात. तसेच हळूहळू डांबरीपर्यंत आलो. (हा प्रयोग शाफ्ट आत, स्प्लाइनपाशी (डिफरन्शियलमध्ये बसणाऱ्या खाचांच्या टोकापाशी) तुटला असेल तरच. बेअरिंगच्या बाहेर, फ्लँजजवळ (चाक बसतं त्या चकतीजवळ) तुटला असेल तर गाडी तिथेच सोडा. जिप्सीच्या मागच्या एक्सलमध्ये शाफ्टच गाडीचं वजन पेलतो आणि चाक त्याच्याच टोकाला असतं. ते ड्रमसकट बाहेर येईल.)

दुसऱ्या दिवशी कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमच्या मिस्त्रींकडे. ड्रम काढला, बॅकप्लेटचे चार बोल्ट सोडले, शाफ्ट ओढून काढला. तुटका तुकडा आत डिफरन्शियलमध्येच अडकला होता, म्हणून उजवा शाफ्टही ओढून आणि प्रॉपेलर सोडून अख्खा डिफरन्शियल पुढून बाहेर घ्यावा लागला. मिस्त्रींनी दोन्ही तुकडे डिझेलने धुतले, फडक्याने पुसले आणि तुटलेलं तोंड उजेडात धरलं. अर्ध्याहून जास्त भाग काळपट, गुळगुळीत, त्यावर बारीक बारीक कमानी उमटलेल्या. एका कडेला थोडासा भाग मात्र करडा, दाणेदार, चकचकीत. मिस्त्रींनी त्या चकचकीत भागावर नख ठेवलं. "काल तुटलंय ते एवढंच."

काळा भाग म्हणजे जुनी चीर. ती प्रत्येक धक्क्याला केसभर पुढे सरकत होती, म्हणून त्या कमानी. दाजी लगेच म्हणाले, "बघ, माल आधीपासूनच खराब. मी काय केलं?"

मग मी मिस्त्रींना उजवा शाफ्टही धुवून दाखवायला लावला. तो तुटलेला नव्हता. पण त्याच्या स्प्लाइनच्या रेघा, ज्या सरळ असायला हव्यात, त्या एका बाजूला वळल्या होत्या. तुटलेल्या डाव्यावरही तसाच पीळ. ओपन डिफरन्शियल दोन्ही बाजूंना सारखाच टॉर्क (पिळाचा जोर) वाटतो, त्यामुळे दोन्ही शाफ्ट बरोबरीने भोगतात. एखादा पीस खराब निघाला असता तर एकच बाजू पिळली असती. दोन्ही पिळल्या याचा अर्थ वर्षभर कुणीतरी त्यांना पिळत होतं. दाजींचं उत्तर होतं, "दोन्हीकडं एकच माल." हा वाद अजून मिटलेला नाही. गेल्या गणपतीत जेवणाच्या पंगतीत पुन्हा झाला, ताईने दोघांनाही गप्प केलं.

म्हणून तुम्हाला पहिला प्रश्न: तुमचे तुटके शाफ्ट ठेवलेत की भंगारात टाकले? ठेवले असतील तर तोंड बघा. पूर्ण तोंड ताजं आणि करडं असेल तर एका फटक्यात गेलाय, म्हणजे त्या दिवशी पायाने गेलाय. काळी चीर असेल तर कारण जुनं आहे. आणि दोन्ही वेळा एकच बाजू गेली का? तसं असेल तर हाउसिंग (एक्सलचं बाहेरचं कवच) वाकलंय का तेही तपासून घ्या, वाकलेल्या हाउसिंगमध्ये कितीही चांगला शाफ्ट टिकत नाही. दुसऱ्या बाजूचा बदलला होता का, हेही तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर तो आता पुढच्या नंबरावर आहे.

आता गिअर का म्हणतो ते. तुमचं इंजिन १०३ न्यूटन-मीटर देतं. पहिला गिअर ३.६५२, ट्रान्सफर केसचा लो २.२६८, डिफरन्शियल ३.९०९. गुणाकार ३२ च्या थोडा वर जातो, म्हणजे कागदावर एक्सलपाशी ३,३०० न्यूटन-मीटर. यावर इंजिनिअर पोरं लगेच विचारतात की मग गिअर आणखी लो केले तर टॉर्क वाढून एक्सल लवकर तुटेल ना? कागदावर हो. पण टनभर वजनाच्या गाडीत मागच्या एका चाकावर तीनशे-साडेतीनशे किलो येणार. तेवढ्या वजनाखाली ओल्या दगडावर टायर हजार न्यूटन-मीटरच्या आतच घसरतो. नुसती ओढ शाफ्टला सहसा मारत नाही. मारतो तो धक्का: वेगात फिरणारं जड चाक एकदम थांबतं, आणि चाकाचा, प्रॉपेलरचा, फ्लायव्हीलचा सगळा वेग त्या क्षणी शाफ्टमध्ये उतरतो.

आणि तुमच्याकडे तो धक्का टायरनेच वाढवून ठेवलाय. कंपनीचा २०५/७० आर १५ टायर २६ इंचांच्या थोडा वर उंच असतो. ३१ इंची म्हणजे उंची अठरा टक्के जास्त, वजन त्याहून जास्त, आणि गिअरिंग तितकंच वर गेलेलं. मग गाडी हळू चालत नाही, क्लच जळायला लागतो, म्हणून माणूस रेस देतो. आठशे आरपीएमच्या आयडलवर मूळ टायरची जिप्सी लो पहिल्यात ताशी तीन किलोमीटरच्या आसपास चालते. ट्रान्सफर केसमध्ये ४.१६ चा लो सेट टाकला की एकूण गुणाकार साठाच्या जवळ जातो आणि तोच वेग दोनच्या खाली येतो. त्या वेगात चाक हवेतून दगडावर आलं तरी ते हळू येऊन बसतं. रेस द्यायचं कारणच उरत नाही. अशा सेटमध्ये हायसुद्धा थोडा खाली येतो, तो तुमच्या मोठ्या टायरला रस्त्यावर उपयोगी पडेल. ४.९ चेही सेट मिळतात, पण ते रोज दगडात जाणाऱ्यांसाठी.

सेट बाहेरून मागवावे लागतात आणि स्वस्त नसतात हे खरं. परवडत नसेल तर जुन्या ४१० जिप्सीचा (आधीच्या लहान इंजिनवालीचा) ट्रान्सफर केस शोधा. त्याचा लो २.५११ आहे. फायदा दहा-अकरा टक्क्यांचाच, पण लष्कराच्या लिलावातून आलेल्या गाड्यांच्या भंगारात वस्तू सापडते आणि बसतेही. तेवढ्याने ३१ इंची टायरचा पूर्ण तोटा भरत नाही, त्यासाठी टायर २८-२९ वर आणावा लागेल. आणायलाच हवा, खरं तर. जिप्सीचा सगळा जोर तिच्या हलकेपणात आहे. दाजींच्या जीपचे टायर तिच्या पायात घालून ती जीप होत नाही.

लॉकरबद्दल. ओपन डिफरन्शियलमध्ये एक चाक हवेत फिरत असलं की दुसऱ्या शाफ्टवर फार भार येत नाही, ही एका अर्थी शाफ्टची सुरक्षाच आहे. लॉकर टाकलात की पकड असलेल्या एकाच चाकाच्या शाफ्टवर सगळा भार येतो. म्हणजे आधीच तुटणाऱ्या जागी तुम्ही भार वाढवताय. पुढे लॉकर टाकला तर त्याहून वाईट, स्टिअरिंग पूर्ण वळवून रेस दिली की पुढच्या सीव्ही जॉइंटचा (वळलेल्या चाकाला फिरवणाऱ्या सांध्याचा) चुरा होतो, रिव्हर्समध्ये तर हमखास. गिअर झाले, टायर आवरले, आणि तरीही अडकताय असं वाटलं तर मागे लॉकर टाका, तेव्हा चांगल्या स्टीलचे शाफ्टही टाका. डिफरन्शियल वेल्डिंग करून लॉक करायचा सल्ला कुणी दिला असेल तर त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका. ओल्या घाटात अशी गाडी वळत नाही, सरळ जाते.

ईएन२४ च्या शाफ्टला माझा विरोध स्टीलसाठी नाही. लेथवर शाफ्ट कुणीही काढेल, पण स्प्लाइन संपतो तिथे आणि फ्लँजच्या मुळाशी गोलाई ठेवली नाही, धारदार कोपरा ठेवला, तर चीर तिथूनच सुरू होणार. पोलाद कडक करायचं पाणी जास्त चढवलं तर ठिसूळ होतो, कमी चढवलं तर पिळतो. हीट ट्रीटमेंट कुठे करतो आणि कडकपणा मोजून देतो का, हे ज्याला विचारल्यावर राग येतो त्याच्याकडून घेऊ नका. जाडी वाढवायला जागा असेल तर तिचा फायदा मोठा आहे, व्यास दहा टक्के वाढला की पिळाची ताकद एक तृतीयांश वाढते. पण स्प्लाइन डिफरन्शियलमधल्या साइड गिअरच्या भोकातच बसायचा असतो, तिथे जाडी वाढत नाही.

आणि समजा शाफ्ट पोलादी झाला. पाय तोच आहे. मग तुटणार काय? क्राऊन-पिनियन, म्हणजे डिफरन्शियलचे मुख्य दाते. घरातला फ्यूज सारखा उडतो म्हणून जाड तार लावली की पुढे वायरिंग जळतं, तसंच. जिप्सीचा शाफ्ट दोन माणसं झाडाखाली बदलू शकतात. पिनियनचे दात गेले तर त्याची सेटिंग गॅरेजमध्येच.

गोव्यात २०१४ पासून रेनफॉरेस्ट चॅलेंज ही ऑफरोड स्पर्धा होते. तिथे एकदा जाऊन जिप्सीवाल्यांना जवळून बघा. चांगला ड्रायव्हर कुठे रेस देतो त्यापेक्षा कुठे सोडतो ते बघण्यासारखं असतं. दाजींना मी ते बघायला चला म्हटलं, ते आले नाहीत. आता त्यांनी थार घेतलीय, मागे आपोआप लागणारा मेकॅनिकल लॉक असलेली, आणि पुन्हा मलाच ऐकवतात. तो लॉकसुद्धा चाक आधी फिरल्यावरच लागतो, म्हणजे दाजींच्या सवयीला सोयीचाच. वजनदार गाडी, जाड एक्सल, त्यामुळे अजून काही मोडलेलं नाही. एवढं मान्य.

राहिलेल्या गोष्टी. गिअर लो केले की ट्रान्सफर केसच्या माउंटिंगच्या रबरांवर जोर येतो, ती फाटतात. त्याच वेळी बदला, जमलं तर एक जादा आधार लावून घ्या. ३१ इंची टायरला मागचे मूळ ड्रम कमी पडतात, घाट उतरताना कळेलच. असे बदल आरसीत न दाखवता केले तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे आणि अपघातात विमावाले त्यावरच बोट ठेवतात. पठारांवर फुलांच्या दिवसांत गाडी घालू नका.

आणि सेट मागवण्याआधी तुमच्या गाडीत ट्रान्सफर केस मूळचाच आहे ना ते पाहा. लिलावाच्या गाडीत कुणी कधी ४१० चा बसवून ठेवलेला असतो. तसं असेल तर विकणाऱ्याला ते आधी सांगा, नाहीतर भलताच सेट हातात येईल.