‘मी फक्त सहावी-सातवीला शिकवते’

“मॅडम, सगळ्यांनी एकेक करून आपली ओळख करून द्या म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. माझा नंबर येईपर्यंत बाकीच्यांचं मी काही ऐकतच नाही. काय करू?”

समुपदेशक म्हणून हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. कुणाला नोकरीच्या पहिल्या दिवशी, कुणाला मुलाच्या शाळेतल्या पालकसभेत, कुणाला सोसायटीच्या बैठकीत. उत्तर एका ओळीत देता येत नाही, म्हणून एका शिक्षिकेबरोबर केलेलं काम सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि त्यांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

बाई मूळच्या सोलापूरच्या, आता न्यू जर्सीत राहतात. तिथल्या मिडल स्कूलमध्ये सहावी-सातवीला सामाजिक शास्त्रं शिकवतात. अमेरिकेत शाळेतल्या शिक्षकांना चीन, जपान, कोरियाचा इतिहास नीट शिकवता यावा म्हणून विद्यापीठांच्या मदतीने सेमिनार होतात. तशाच एका सेमिनारला त्यांनी अर्ज केला आणि निवड झाली. अट एवढीच होती की प्रत्येकाने आपली ओळख आधी लिहून पाठवायची आणि पहिल्या दिवशी ती दोन मिनिटांत सगळ्यांसमोर सांगायची.

आमचं पहिलं सत्र झालं तेव्हा पुण्यात संध्याकाळचे सात आणि त्यांच्याकडे सकाळचे साडेनऊ वाजले होते. बाई लायब्ररीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून बोलत होत्या, कारण घरात सगळे होते आणि हे कुणाला ऐकू जायला नको होतं. बाकीच्यांची लिहून आलेली ओळख त्यांनी आदल्या रात्री दीड वाजेपर्यंत वाचली होती. एकाने जपानमध्ये दोन वर्षं इंग्रजी शिकवलेलं, एकीने चिनी इतिहासात एम. ए. केलेलं, एकीचे आईवडील मूळचे कोरियाचे. “आणि मी? चीनला गेलेले आमच्या सोलापूरचे डॉ. कोटणीस सोडले तर मला चीनबद्दल काय माहीत आहे? मॅडम, मी नावच मागे घेते.”

दोन वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणातून त्यांनी असंच नाव मागे घेतलं होतं. तेव्हाचं कारण त्यांनी घरी ‘वेळ जमत नाही’ असं सांगितलं होतं.

त्यांनी लिहिलेला मसुदा मी मोठ्याने वाचायला सांगितला. आठ वाक्यं होती. त्यात ‘फक्त’ तीनदा आलं. मी फक्त सहावी-सातवीला शिकवते. चीनला फक्त विमान बदलण्यापुरती गेले आहे. मी इथे फक्त शिकायला आले आहे. मी म्हटलं, ते तीन शब्द पेन्सिलने खोडा आणि पुन्हा वाचा. त्यांनी गाडीच्या स्टिअरिंगवर कागद टेकवला, खोडलं आणि वाचायला लागल्या. पण शब्द गेला तरी त्याची सवय गेली नव्हती. प्रत्येक वाक्यानंतर त्या बारीकसं हसत होत्या. ‘मी सोलापूरची.’ हसू. ‘मी बारा वर्षं शिकवते आहे.’ हसू. समोरच्याने हसण्याआधी आपणच हसून घ्यायचं, म्हणजे लागत नाही. ही सवय मी खूप जणींमध्ये पाहिली आहे, आणि ती दिसली की माझ्या आत काहीतरी तुटतं. बारा वर्षं वर्गात उभं राहिलेल्या बाईने त्या बारा वर्षांवर का म्हणून हसावं?

यात आपल्या वळणाचाही भाग आहे. स्वतःची टिमकी वाजवू नये, हे आपण लहानपणापासून ऐकतो. आपल्या कार्यक्रमात पाहुण्यांचा परिचय दुसरंच कुणीतरी करून देतं आणि पाहुणा मान खाली घालून ऐकतो. शाळेच्या स्नेहसंमेलनापासून व्याख्यानमालेपर्यंत हीच पद्धत. मग एकदम ‘तुम्हीच तुमच्याबद्दल सांगा’ म्हटलं की आपल्याकडे त्यासाठी वाक्यंच नसतात. एकतर बढाई होईल असं वाटतं, नाहीतर माफी मागितली जाते.

मी कॉलेजात असताना रानडे इन्स्टिट्यूटमध्ये वर्षभर जपानी शिकले होते. तिथे सुरुवातीच्याच धड्यांत ‘जिकोशोकाई’ होती, म्हणजे स्वतःची ओळख करून देणं. ‘हाजिमेमाश्ते’ म्हणायचं, नाव सांगायचं, कुठून आलो ते सांगायचं आणि शेवटी ‘योरोशिकु ओनेगाई शिमासु’. या शेवटच्या वाक्याला मराठीत मला कायम ‘सांभाळून घ्या’ हेच जवळचं वाटलं आहे. ते सगळे म्हणतात. मोठ्या पदावरचा माणूसही म्हणतो, नवशिकाही म्हणतो. त्यात कमीपणा नसतो, आता आपण एकत्र काम करणार आहोत एवढाच अर्थ असतो. हे मी बाईंना सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा मोकळ्या हसल्या. म्हणाल्या, “माझं सांभाळून घ्या म्हणजे मला बाहेर काढू नका असं असतं.” फरक त्यांनीच इतका नेमका सांगितला की मला पुढे काही बोलावं लागलं नाही.

घरी करायला एक काम दिलं. पुढच्या वेळी तुम्हाला काय येतं ते लिहू नका, पूर्व आशियाच्या इतिहासातलं काय येत नाही आणि ते नसल्यामुळे वर्गात कुठे अडतं, ते लिहा.

दुसऱ्या सत्राला त्या आल्या त्या कोटणिसांना घेऊनच. काम बाजूला ठेवून त्यांनी मसुदा नव्याने लिहिला होता. १९१० साली सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस, १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातले एक, जखमी सैनिकांवर उपचार करता करता ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वारले, वय अवघं ३२. त्यांचं लग्नही तिथेच, गुओ छिंगलान या परिचारिकेशी झालं होतं. मजकूर चांगला होता, तरी मी तो बाजूला ठेवायला सांगितला. बाईंना ते आवडलं नाही. पण तो मसुदा कोटणिसांचा परिचय होता. ‘माझ्या गावाचा इतका मोठा माणूस तिथे गेला, म्हणून मलाही इथे बसू द्या’ असा त्याचा सूर होता. गावच्या माणसाचा अभिमान वाटणं वेगळं आणि त्याच्याआड उभं राहणं वेगळं.

“आणि दिलेलं काम?” मी विचारलं.

अर्धं पान होतं. बरंचसं अपेक्षित होतं, चिनी नावांचे उच्चार, राजवंशांचा क्रम. शेवटची ओळ मात्र त्या वाचतच नव्हत्या. कागद कॅमेऱ्यासमोर धरला आणि म्हणाल्या, तुम्हीच वाचा. तिथे लिहिलं होतं, ‘अफू कुठून आली?’

सातवीच्या वर्गात अफूची युद्धं शिकवत असताना एका मुलाने हात वर केला होता. पुस्तकात लिहिलं होतं की ब्रिटिश व्यापारी भारतातून चीनला अफू नेत. मुलाने विचारलं, “म्हणजे तुमच्याकडून?” वर्गात कुणी हसलं नाही. मुलाच्या आवाजात खवचटपणाही नव्हता, खरंच जाणून घ्यायचं होतं. बाई म्हणाल्या, “ब्रिटिशांनी नेली,” आणि पान उलटलं. खोटं नव्हतं ते, पण पुरतं खरंही नव्हतं, आणि हे त्यांना त्याच क्षणी कळलं होतं. सेमिनारचा अर्ज त्यांनी त्याच आठवड्यात भरला.

आठ महिने ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. ओळखीच्या मसुद्यात तिचा मागमूसही नव्हता.

त्या दिवशी आम्ही समुपदेशन कमी आणि इतिहास जास्त बोललो, आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. बंगालची अफू कंपनी सरकार कलकत्त्यात लिलावात विकत असे, हे पुस्तकात असतं. पण माळव्याची अफू? इंदूर-उज्जैनच्या मुलखातली, म्हणजे होळकर-शिंद्यांच्या राज्यांतली. ती मुंबई बंदरातून जायची, आणि त्या व्यापारात आपले व्यापारीही होते. सर जमशेटजी जीजीभॉय यांची संपत्ती बऱ्याच अंशी चीनच्या अफू आणि कापसाच्या व्यापारातली. त्यातूनच त्यांनी मुंबईत उदंड दानधर्म केला, जे. जे. रुग्णालयही त्यातलंच. बाई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “माझ्या आजोबांच्या डोळ्याचं ऑपरेशन जे. जे. मध्ये झालं होतं.” १८३९ मध्ये लिन झशू या चिनी अधिकाऱ्याने कँटन बंदराजवळच्या हूमनला वीस हजारांहून जास्त पेट्या अफू नष्ट केली, तिथून ब्रिटिशांशी युद्ध पेटलं आणि १८४२ च्या नानजिंग तहाने चीनला हाँगकाँग गमवावं लागलं. जमशेटजींना ‘सर’ किताब मिळाला तोही १८४२ मध्येच. हे साल लिहून घेताना बाई थांबल्या. “१८४२ आणि १९४२,” त्या म्हणाल्या. नानजिंगनंतर बरोबर शंभर वर्षांनी कोटणीस वारले होते. आता कोटणिसांना त्यांच्या ओळखीत जागा होती, पण ती एका प्रश्नाच्या आत.

नवी ओळख त्यांनी पाच वाक्यांत लिहिली. नाव, शाळा, इयत्ता. मग वर्गातला तो प्रश्न आणि आपण पान उलटलं ते. मग, ‘माझ्या राज्यातून चीनला अफूही गेली आणि डॉक्टरही गेला. मला माझ्या विद्यार्थ्यांना दोन्ही सांगायचं आहे, आणि ते कसं सांगायचं ते इथे शिकायचं आहे.’

आता भीतीचं. ती चांगल्या मजकुराने जात नाही. बाई पाचही वाक्यं पाठ करायला निघाल्या होत्या, ते मी थांबवलं. शब्द न् शब्द पाठ केला की एक शब्द निसटला तरी सगळं कोसळतं, आणि मन पूर्ण वेळ आतल्या कागदाकडे लागून राहतं. पहिलं वाक्य तेवढं पक्कं करायचं, बाकीचे फक्त मुद्दे. पूर्णविराम आला की ओठ मिटायचे आणि एक श्वास घ्यायचा. हसू यायची जागा तीच असते. हे त्यांनी फोनवर आवाज रेकॉर्ड करून आठवडाभर केलं.

आणि आपल्या आधीच्या दोघांची नावं आणि ते काय शिकवतात, ते वहीत लिहायचं. हे मी मुद्दाम देते. माल्कम ब्रेनर या मानसशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये दाखवलं होतं की पाळीपाळीने बोलायचं असलं की माणसाला आपल्या पाळीच्या अगदी आधी बोललं गेलेलं नीट आठवत नाही. ‘मी दुसऱ्यांचं ऐकतच नाही’ म्हणून जे स्वतःला दोष देतात त्यांना हे कळायलाच हवं. मनाचं ते कामकाजच तसं आहे. पण हातात पेन असलं की लक्ष थोडं तरी बाहेर वळतं, आणि बाहेर वळलेलं लक्ष धडधड मोजत बसत नाही.

ज्यांचं असं टाळणं वाढतच चाललं आहे, नोकरी, शिक्षण हातचं जातं आहे, रात्रीच्या रात्री झोप उडते आहे, त्यांनी एवढ्यावर थांबू नये. तो सामाजिक भयगंड असू शकतो. विचार आणि वर्तन यांवर काम करणाऱ्या उपचारांनी त्यात चांगला फरक पडतो, गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञ औषधही देतात.

सेमिनार झाल्यावर बाईंचा फोन आला. आवाज कापला, हात गार पडले, एक मुद्दा राहूनच गेला. आधीच्या दोघांपैकी एकाचं नाव चुकीचं लिहिलं होतं. त्यांच्यानंतर पुढच्या शिक्षिकेने लगेच स्वतःची ओळख सुरू केली, कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी भुवया उंचावल्या नाहीत. जेवणाच्या सुट्टीत मात्र एक वयस्कर शिक्षक ताट घेऊन शेजारी येऊन बसले. माळवा कुठे आहे, त्यांनी विचारलं. बाईंनी कागदी रुमालावर नकाशा काढला. इंदूर, मग मुंबई, मग समुद्र. कँटन काढायला रुमाल पुरला नाही, तेव्हा त्या शिक्षकांनी आपला रुमाल शेजारी जोडून ठेवला.

सप्टेंबरात शाळा सुरू झाल्यावर पालकांच्या सभेत त्यांचा घसा पुन्हा कोरडा पडला. आमची सत्रं अजून चालू आहेत, महिन्यातून एकदा.

तो मुलगा आता आठवीत गेला आहे, त्यांच्या वर्गात नाही. शाळा उघडल्यावर दुसऱ्याच आठवड्यात बाईंनी त्याला कॉरिडॉरमध्ये थांबवलं. “तू मला गेल्या वर्षी अफूबद्दल विचारलं होतंस,” त्या म्हणाल्या. त्याला आठवायला जरा वेळ लागला. “हो, आमच्याकडूनही गेली. दोन मिनिटं आहेत तुझ्याकडे? मी नकाशा आणलाय.”