मोडेमच्या अभ्यासाला हात घालण्यापूर्वी

मोडेमचे फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतले कायमचे सॉफ्टवेअर, उलगडायला बसण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा. फोनमध्ये अँड्रॉइडखेरीज दुसराही एक संगणक, म्हणजे हा मोडेम, चालू असतो, टॉवरकडून येणारा संदेश तोच आधी वाचतो, आणि त्यांतले बरेच संदेश टॉवरची ओळख पटण्यापूर्वीच वाचले जातात. तोतया टॉवरचे फावते ते इथेच. २जीमध्ये सिमला आपली ओळख सिद्ध करावी लागते, टॉवरला मात्र कोणी विचारत नाही. ४जीत ही तपासणी दुहेरी आहे, तरी नकाराचा संदेश पाठवून फोनला २जीवर ढकलता येते. फोनच्या वरच्या पट्टीवर ४जीच्या जागी ‘ई’ (म्हणजे २जीवरचे ‘एज’ इंटरनेट) दिसले की हल्लाच झाला, असे समजू नका. घाटात ते नेहमीचेच आहे.

वाचनाची सुरुवात एक्सिनॉसच्या प्रकरणापासून करावी, असे माझे मत आहे. मार्च २०२३मध्ये गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या त्रुटी शोधणाऱ्या गटाने सॅमसंगच्या या मोडेममधील १८ त्रुटी जाहीर केल्या, आणि त्यांपैकी चार अशा होत्या की नुसता फोन नंबर ठाऊक असला तरी इंटरनेटवरून मोडेमचा ताबा घेता येई, म्हणजे तोतया टॉवरचीही गरज नव्हती. दुरुस्ती येईपर्यंत वाय-फाय कॉलिंग आणि व्होएलटीई (४जीवरून होणारे कॉल) बंद ठेवण्याचा सल्ला देण्यात आला होता.

प्रयोग जुन्या फोनवर आणि लहरी बाहेर जाऊ न देणाऱ्या धातूच्या पेटीतच करा. विनापरवाना टॉवर चालवणे हा गुन्हा आहे. रोजच्या फोनवर, सोय असल्यास, सिमच्या सेटिंगमधून २जी आजच बंद करा.