‘आमेन’ तोंडून निघालं नाही

प्रश्न : फादर, ३० नोव्हेंबरला आमच्या चर्चमध्ये देहदंड रद्द व्हावा म्हणून प्रार्थना झाली. शेजारच्या मुलीचा खून झाला, त्याला चार वर्षं झाली. तिची आई माझ्याच बाकावर होती. माझ्या तोंडून ‘आमेन’ निघालं नाही. मी चुकले का?
— एक वाचक, वसई

उत्तर : नाही, ताई. शेजारी ती आई बसलेली असताना शब्द घशात अडकला, यात पाप कसलं?

१७८६ साली ३० नोव्हेंबरला इटलीतल्या टस्कनी संस्थानाने देहदंड रद्द केला. रोमच्या सांत एजिदिओ या कॅथलिक समुदायाने तोच दिवस धरून २००२पासून शहराशहरांत दिवे लावायला सुरुवात केली. २००४ साली मी शिकायला रोममध्ये होतो. त्या संध्याकाळी कलोसियमसमोर माझ्या शेजारी सत्तरीच्या एक बाई उभ्या होत्या. समुदायामार्फत त्या टेक्सासमधल्या देहदंडाच्या एका कैद्याला पत्रं लिहीत. इंग्रजी बेताचं, त्यामुळे शब्दकोश उघडूनच बसत. त्यांनी पर्समधून त्याचं पत्र काढून दाखवलं. घड्यांवर फाटलेलं, चिकटपट्टीनं जोडलेलं. ‘तुमच्याकडे आज पाऊस पडला का?’ असं त्यानं विचारलं होतं.

महिन्यापूर्वीच, २६ ऑक्टोबरला, टेक्सासमध्ये डॉमिनिक ग्रीनला विषाचं इंजेक्शन देऊन मारलं होतं. गुन्हा घडला तेव्हा तो १८ वर्षांचा होता. सांत एजिदिओच्या लोकांचा त्याच्याशी अनेक वर्षांचा पत्रव्यवहार होता. पण त्याला वाचवा म्हणून विनवणाऱ्यांत खून झालेल्या माणसाची पत्नीही होती, हे मी आजवर विसरलेलो नाही. ती क्षमा तिची स्वतःची होती. तुमच्या शेजारणीला ‘क्षमा कर’ म्हणायचा हक्क मला नाही, चर्चलाही नाही.

आणि चर्चने फार वर चढून बोलूही नये. खुद्द पोपच्या राज्यात १८७०पर्यंत माणसं देहदंडाने मारली गेली. ऑगस्ट २०१८मध्ये पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षण ग्रंथातलं २२६७वं कलम बदललं, तेव्हा कुठे देहदंड मुळीच स्वीकारता येणार नाही असं स्पष्ट झालं. त्याआधी, २००७ साली, सांत एजिदिओने ५० लाखांवर सह्या संयुक्त राष्ट्रांकडे दिल्या होत्या. त्याच डिसेंबरात फाशी स्थगित ठेवण्याचा ठराव १०४ विरुद्ध ५४ मतांनी मंजूर झाला. भारताचं मत विरोधात पडलं, म्हणून आपल्याकडे ही प्रार्थना हवीच, असं मला मनापासून वाटतं.

पण ताई, एक विचारतो. त्या चार वर्षांत चर्चमधलं कुणी तिच्या घरी गेलं का? खटल्याच्या तारखेला कुणी तिच्यासोबत कोर्टात बसलं का? नसेल, तर चूक आमची आहे. तिची हरकत नसेल, तर पुढची तारीख मला कळवा. मी येतो.